निर्जंतुक

दुधाला उकळी फुटायच्या बेतात असतानाच मेट्रनबाईंनी गॅस बारीक केला आणि सांडशीत धरलेलं भांडं अलगद गोल फिरवलं. भांडं लहान आणि दूध त्याहून कमी, तळ जेमतेम झाकेल एवढं. नजर हलवून चालत नसे. जरा इकडेतिकडे झालं की कडेला करपायचं, आणि करपलेलं दूध बाळ तोंडातही घ्यायचं नाही. म्हणून दार उघडल्याचा आवाज आला तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

सून आज कामावरून लवकर आली होती.

"आई, काय करताय?"

"दिसतंय की. बाळाचं दूध."

"कुठलं दूध?"

"आता बाळाचं दूध म्हणजे कुठलं असणार? सकाळी तू काढून ठेवलंस तेच."

सुनेच्या खांद्यावरची पिशवी खांद्यावरच राहिली. ती ओट्यापर्यंत आली, भांड्यात वाकून पाहिलं, आणि पाहिल्यावर जे विचारायची गरज उरली नव्हती तेच तिने विचारलं.

"रोज उकळता?"

"रोज. तू कामाला जायला लागलीस तेव्हापासून." मेट्रनबाईंच्या आवाजात कबुलीचा सूर अजिबात नव्हता, रुग्णाला वेळेवर औषध दिल्याचं डॉक्टरांना सांगावं तसं त्या सांगत होत्या. "दूध काढतेस तू धावतपळत, एक डोळा घड्याळावर ठेवून. ते बाटलीत जातं, फ्रीजमध्ये जातं, परत बाहेर येतं. न उकळता पाजेन होय मी माझ्या नातवाला?"

मेट्रनबाई आता कुठल्याच रुग्णालयाच्या मेट्रन नव्हत्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ऑपरेशन थिएटर सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. भलेभले सर्जन आत शिरण्यापूर्वी त्यांच्यासमोर शाळकरी पोरांसारखे हात वर धरून उभे राहत आणि त्यांनी मान हलवल्याखेरीज पाऊल पुढे टाकत नसत. आपल्या थिएटरातून बाहेर पडलेल्या रुग्णाची जखम सहसा चिघळत नाही, हे त्या स्वतःच सांगत. दुसरं कुणी सांगेल याची वाट पाहत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. घरातही तोच शिरस्ता. मुलगा म्हणायचा, आमच्याकडे जंतू येतात ते बेल वाजवून, पाय पुसून, आणि आईने नाही म्हटलं की आल्या पावली परत जातात.

सुनेशी त्यांचं पहिल्या भेटीतच जमलं ते यामुळेच. जेवायला बसण्याआधी या मुलीने कोपरापर्यंत हात धुतले आणि नळ बंद केला तोही कोपराने. मेट्रनबाईंनी मुलाकडे पाहून तिथल्या तिथे मान डोलावली होती. मुलगी एका संशोधन संस्थेत जिवाणूंवर काम करत होती. जंतू मारण्यात हयात घालवलेली एक आणि जंतू पाळण्याचा पगार घेणारी एक, अशा दोघी एका घरात सुखाने नांदत होत्या. आजवर तरी.

"आई, त्या दुधात जिवाणू असतात," सून म्हणाली. तिने आता पिशवी खाली ठेवली होती. "असायलाच हवेत. ते बाळाच्या पोटात जातात, तिथे घर करतात. तुम्ही ते रोज शिजवून मारताय."

"जंतू असतात? तुझ्या दुधात?"

"जिवाणू."

"नाव गोड ठेवलंस म्हणून तो काही पाहुणा होत नाही. आणि असं असेल तर आधी तुला डॉक्टरांना दाखवू."

"माझ्याच नाही, सगळ्याच बायकांच्या दुधात असतात. तुमच्याही होते."

मेट्रनबाईंनी गॅस बंद केला. मघाशीच पुसलेला ओटा त्यांनी फडकं घेऊन पुन्हा एकदा पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ते कातडीवरचे असतात," त्या म्हणाल्या. "तुम्हा मुलींना पुसता येत नाही नीट. पुसल्यासारखं करता आणि वर म्हणता दुधात सापडले. मी पुसून देते, मग वाढव तुझ्या त्या बशीत. बघू काय उगवतंय ते."

सून एकदम हसली. हसण्यात आनंद नव्हता, नुसतं नवल होतं.

"आज सरही हेच म्हणाले. शब्द न् शब्द."

मग तिने खुर्ची ओढली आणि लवकर घरी यायचं कारण सांगितलं. आईच्या दुधात मुळातलेच जिवाणू असतात, याचा अभ्यास जगात ठिकठिकाणी चाललेला होता. हिने तो आपल्या लॅबमध्ये सुरू केला होता आणि नमुना म्हणून सर्वांत आधी स्वतःचंच दूध वापरलं होतं. आज संस्थेच्या बैठकीत तिने आपल्या प्लेटा मांडल्या. सरांनी त्या एकेक करून उजेडात धरल्या आणि म्हणाले, हा कातडीवरचा मळ आहे. पुढच्या बैठकीपर्यंत तसं नाही हे दाखवलं नाही, तर हे काम बंद करून तिने दुसऱ्यांच्या प्रकल्पात हातभार लावायचा.

"तुमचे सर शहाणे दिसतात," मेट्रनबाई म्हणाल्या.

"शहाणे आहेतच. पण या बाबतीत चुकताहेत."

मेट्रनबाईंना सुनेची ही ताठ मान आवडायची, विरोधात असली तरी. त्यांनी भांड्यातलं दूध वाटीत ओतलं, थोडा वेळ वाटीकडे पाहिलं.

"सोमवारी येते मी तुझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "तोवर उकळणार नाही. पण तसं कच्चंही देणार नाही. दुपारी तूच येऊन पाजून जायचं."

"चालेल."

"आणि माझं खरं ठरलं, तर मग या घरात हा विषय नाही."

"आणि माझं ठरलं तर?"

उत्तर द्यायच्या आत आतल्या खोलीतून बाळ रडायला लागलं, आणि दोघी एकदमच उठल्या.

सोमवारी बाळाला मुलाकडे सोपवून मेट्रनबाई लॅबमध्ये शिरल्या त्याच मुळी तपासणीला आल्यासारख्या. टेबलाच्या खालच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, बोट पाहिलं, आणि तिथे काम करणाऱ्या दोन मुलींपैकी एकीच्या मनगटातल्या घड्याळाकडे नुसतं पाहिलं. मुलीने घड्याळ काढून खिशात टाकलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शेजारच्या लहान खोलीत सून खुर्चीत बसली. मेट्रनबाईंनी हात धुतले, हातमोजे चढवले आणि पुसायला सुरुवात केली. मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, गोल गोल, आणि एकदा फिरवलेला बोळा पुन्हा मागे आणायचा नाही. औषधाने पुसून झाल्यावर त्यांनी निर्जंतुक पाण्याने ते सगळं धुऊन काढलं.

"औषध का धुताय?" सुनेने विचारलं. तिला कारण ठाऊक होतं, पण सासूबाईंना ठाऊक आहे का हे पाहायचं होतं.

"औषध राहिलं आणि दुधात उतरलं तर प्लेट आपसूक कोरी राहील. मग तू म्हणशील, आईंनी लबाडी केली. मला जिंकायचंय ते धडधडीत जिंकायचंय."

पुसलेल्या कातडीवरून कापसाची काडी फिरवून त्यांनी ती एका प्लेटवर ओढली. त्या प्लेटा म्हणजे जिवाणूंचं खाद्य थापलेल्या काचेच्या बशाच. मग कुणी न सांगताच आपल्या हातमोज्याची पाची बोटं त्यांनी दुसऱ्या प्लेटवर टेकवली.

"माझ्या हातांवरही संशय नको."

दुधाच्या पहिल्या धारा टाकून दिल्या, पुढचं दूध नळीत धरलं. सुनेने ते दोन प्लेटांवर पसरलं. एक नेहमीच्या उबदार कपाटात ठेवली आणि दुसरी हवा काढून घेतलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत.

"ही कशाला?"

"काही जिवाणूंना हवा सोसत नाही. उघड्यावर तग धरत नाहीत ते. समजा असे निघाले, तर ते कातडीवर राहत असतील का, तुम्हीच सांगा."

हातमोजे काढताना मेट्रनबाईंनी त्या बरणीकडे पुन्हा एकदा नजर टाकली.

प्लेटा वाढायला वेळ लागतो. मधल्या दिवसांत सून दुपारी घरी येऊन बाळाला पाजून जात होती. तिच्याबरोबर एक घास खाताना मेट्रनबाई प्लेटांचं नाव काढत नव्हत्या आणि तीही काढत नव्हती. निकालाच्या दिवशी त्या ठरल्या वेळेच्या आधीच लॅबमध्ये हजर होत्या.

हातमोज्याची प्लेट कोरी होती. कातडीची प्लेटही कोरी, आरशासारखी स्वच्छ. मेट्रनबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली. आयुष्यभर त्यांनी अशाच कोऱ्या प्लेटवर जीव टाकला होता.

"बघ," त्या म्हणाल्या. "याला पुसणं म्हणतात."

"हो," सून म्हणाली. "असं पुसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं." आणि तिने दुधाच्या प्लेटा त्यांच्यापुढे ठेवल्या.

दोन्हींवर ठिपके उगवले होते. मोहरीहून बारीक, पांढरट, काही सायीसारखे चमकणारे. हवा नसलेल्या बरणीतल्या प्लेटवर तर जास्तच. झाकण उघडताच आंबूस वास आला. त्यांना वाटलं होतं घाण वास येईल, चिघळलेल्या जखमेचा त्यांच्या चांगल्या ओळखीचा. हा तसा नव्हता. नातवाला पाजून झाल्यावर खांद्यावर घेतलं की त्याच्या मानेच्या घडीत येतो, तो हा वास होता.

मेट्रनबाईंनी कोरी प्लेट एका हातात आणि ठिपक्यांची दुसऱ्या हातात घेतली. एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. कातडी कुणी हलगर्जीपणाने पुसली असती तर बोलायला जागा होती. पुसली होती ती त्यांनीच.

"एकदा चुकून होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "परत करू."

परत केलं. पुन्हा तेच. मग शेजारच्या दवाखान्यात बाळांना तपासायला घेऊन येणाऱ्या बायकांना सुनेने विचारलं आणि बऱ्याच जणी तयार झाल्या. मेट्रनबाई नातवाला बरोबर घेऊन रोज जायला लागल्या. बायकांना त्यांचा आधी धाक वाटे, मग आधार वाटे. "बाळाला इकडे द्या, तुम्ही ताठ बसा, लाजण्यासारखं इथे काही नाही," असं म्हणत त्या पुसत आणि बायका त्यांना घरच्या कटकटी सांगत. लॅबमधल्या मुली आता घड्याळं घरीच ठेवून येत. प्लेटांवर कुणाचे ठिपके थोडे, कुणाचे दाट, कुणाचे जरा वेगळ्या रंगाचे; पण ज्यांची कातडी कोरी त्यांचंही दूध कोरं निघालं नाही. घरी छोटं भांडं कधी फडताळात गेलं, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

शेवटी सर आले. उंच, वाकलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी प्लेटा पाहिल्या, मेट्रनबाईंनी आपल्याच मनगटावर पुसून दाखवलं ते पाहिलं, आणि चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा प्लेटा पाहिल्या.

"कातडीचा मुद्दा मी मागे घेतो," ते म्हणाले. "पण बाळ दूध ओढतं तेव्हा त्याच्या तोंडातलं थोडं उलटं आत जातं. मग हे जिवाणू आईचे कशावरून? बाळानेच आत नेले नसतील कशावरून?"

"म्हणजे आता बाळाला बोल लावायचा राहिला होता!" मेट्रनबाई म्हणाल्या. आपण काही आठवड्यांपूर्वी याच माणसाला शहाणा म्हटलं होतं, हे त्या पार विसरल्या होत्या.

"आई, सर बरोबर विचारताहेत," सून शांतपणे म्हणाली. "मीही हेच विचारलं असतं. ज्या बाळाने अजून तोंडच लावलेलं नाही, त्याच्या आईचा चीक मिळायला हवा. अगदी पहिला."

"बैठकीआधी मिळाला तर पाहू," सर म्हणाले आणि गेले.

पहिला चीक कुठून आणायचा हे मेट्रनबाईंना शोधावं लागलं नाही. त्यांची धाकटी लेक पलीकडच्याच रस्त्यावर राहत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाआधीच थोडा चीक काढून पाहावा, असं सुनेच्या मनात होतं; पण लेकीच्या डॉक्टरांनी त्याला नको म्हटलं, कळा लवकर सुरू व्हायच्या. बाळ झाल्यावर, पाजण्याआधी काही क्षण मिळतील, एवढं त्यांनी कबूल केलं. लेक खळखळून हसली.

"वहिनी, माझं काय जातंय, दोन थेंब तर द्यायचे. पण आई, तू मला ऑपरेशनचं टेबल समजू नकोस हं."

कळा सुरू झाल्या त्या पहाट सरून चांगलं उजाडल्यावर. प्रसूतीची खोली लख्ख आणि उबदार होती. मेट्रनबाईंनी आत आल्या आल्या खिडकीच्या गजापासून पलंगाच्या पायापर्यंत सगळं नजरेखालून घातलं आणि ड्यूटीवरच्या नर्सला "छान ठेवलंय" म्हणाल्या. नर्सचा चेहरा खुलला. कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांनी आपला ट्रे मांडला. बोळे, पाणी, काड्या, झाकणाची नळी, सगळं आपापल्या जागी. सून नमुन्याची थंड पेटी घेऊन दाराशी उभी राहिली.

मुलगी झाली. रडली ती चांगली खणखणीत. नर्सने तिला पुसलं आणि रिवाजाप्रमाणे आईच्या उघड्या पोटावर पालथी ठेवून वर दुलई पांघरली. लेकीने डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले.

"आई, घे लवकर," ती म्हणाली. आवाज थकलेला, पण हसरा होता.

मेट्रनबाईंनी हातमोजे चढवले, बोळा उचलला आणि पलंगाजवळ आल्या.

तेवढ्यात पोरगी हलली. तिने डोकं उचललं, पडू दिलं, पुन्हा उचललं. गुडघे पोटाशी घेतले आणि रेटा दिला. बोटभर वर सरकली. थांबली, धापा टाकल्या, ओठ चाटले, आणि पुन्हा रेटा. तिला दिसत काहीच नव्हतं, पण कुठे जायचंय याविषयी तिची काहीएक शंका नव्हती.

मेट्रनबाईंचा हात बोळ्यासकट हवेत राहिला. पोटातून काढलेली किती मुलं त्यांनी हातावर झेलली होती, पुसली होती, कापडात गुंडाळून काचेच्या खोलीत रवाना केली होती. दार बंद झालं की त्यांचं काम संपायचं. कापडात गुंडाळलं नसतं तर ही मुलं पुढे काय करतात, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आई?" लेक म्हणाली.

दोन बोटांनी पोरीला जरा अडवून धरायचं, पुसायचं, दोन थेंब घ्यायचे. काम क्षणभराचं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. सुनेच्या हातात नळी तयार होती. बैठक अगदी तोंडावर आली होती हे दोघींनाही ठाऊक होतं. सून घ्या म्हणाली नाही, राहू द्याही म्हणाली नाही.

पोरीचा पाय घसरला. दुलईखाली, आईच्या ओल्या पोटावर तो टेकतच नव्हता, नुसता सटकत होता, आणि रेटा वाया जात होता. तिने तोंड वेडंवाकडं करून एक बारीक तक्रार केली.

मेट्रनबाईंनी बोळा ट्रेमध्ये टाकला. उजवा हातमोजा ओढून काढला, तळहात पसरला आणि त्या इवल्या तळपायाखाली धरला. तळपाय चिकट होता, गरम होता, त्यावर अजून पांढरा लेप तसाच होता. पोरीने क्षणभर चाचपून पाहिलं, मग त्या हातावर पाय घट्ट रोवला आणि सगळ्या अंगानिशी जोर लावला. एकदा. मग आणखी एकदा. तिचं तोंड छातीशी पोहोचलं, इकडेतिकडे धडपडलं, आणि लागलं.

खोलीत आता फक्त चुटूचुटू आवाज होता. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

सुनेने नळीला झाकण लावलं. पलंगाजवळ येऊन तिने नणंदेच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले, पोरीकडे वाकून पाहिलं.

"जोर बघा हिचा," ती म्हणाली. "सरांपुढे हिलाच उभं करायला हवं."

"आणि तुमचा नमुना?" नर्सने हळूच विचारलं. मग म्हणाली, "शेजारच्या खोलीतल्या बाईंनी मघाशी विचारलं होतं, ही पेटी कसली म्हणून. मी सांगितलं, तर म्हणाल्या, माझंही घ्या की. त्यांचंही होईलच आता."

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं.

"आई, जायचं?"

मेट्रनबाईंनी मान वर केली नाही. पोरीचा पाय अजून त्यांच्या तळहातावर होता; चोखताना मधूनच तो दाबत होता, मधूनच सैल सोडत होता.

"तू जा," त्या म्हणाल्या. "ट्रेमध्ये दुसरे बोळे आहेत. मधून बाहेर पुसायचं, मागे यायचं नाही, आणि औषध धुवायला विसरू नकोस."

"तुम्ही नाही येत?"

"कशी येऊ?" मेट्रनबाई म्हणाल्या. "माझे हात आत्ता स्वच्छ नाहीत."